रेशनचा गहू कोण बघतं?

आमच्या ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये काउंटरच्या मागे अन्न परवान्याची फ्रेम लटकवलेली आहे. त्यावर चौदा आकडी नंबर. रोज रांगेत उभं राहून तो मला पाठ झालाय (दिवसभर लॉग वाचणाऱ्या माणसाचं दुसरं काय होणार!). पहिला आकडा १ असेल तर परवाना, २ असेल तर छोट्या धंद्याची नुसती नोंदणी. पुढचे दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे १५. २००६चा अन्नसुरक्षा कायदा ५ ऑगस्ट २०११ला लागू झाला, तेव्हापासून टपरीपासून पंचतारांकितपर्यंत सगळे या नंबरात आले. आमच्या वरवट बकालच्या स्टँडवर ज्या हॉटेलात मी शाळेत असताना कचोरी खायचो, तिथेही आता २१५ने सुरू होणारा कागद भिंतीवर आहे. गजानन महाराज आणि कॅलेंडर यांच्या मधोमध.

वरवट बकाल म्हणजे बुलढाणा जिल्ह्यातला संग्रामपूर तालुका, शेगावच्या उत्तरेला. आमच्या जिल्ह्याचे दोन भाग, घाटावरचा आणि घाटाखालचा. आम्ही खालचे. खारपाणपट्टा, चाळीसच्या वर जाणारा उन्हाळा आणि घरोघरी कुलर. जिल्ह्याचं ऑफिस घाटावर, त्यामुळे साहेब लोकांचं येणं कधीतरीच. रोजची तपासणी करतात ती आशाताई आणि आरोग्यसेवक.

माझी चुलत वहिनी आशा आहे. गेल्या पावसाळ्यात सुट्टी टाकून गेलो होतो, तेव्हा एक सकाळ तिच्यामागे फिरलो. डेंग्यूसाठी कंटेनर सर्व्हे चालू होता. स्टँडच्या पलीकडे मजुरांची टिनाची घरं आहेत, एकेका खोलीत पाच-सहा माणसं. वहिनी दारातून हाक मारते, आत जाते, आणि बॅटरी थेट रांजणात. मग ड्रम, मग कोपऱ्यात ढकललेल्या कुलरच्या तळाचं पाणी. शंभर घरांपैकी किती घरांत अळ्या सापडल्या यावरून गावाचा धोका मोजतात. अळी दिसली की भांडं तिथेच उपडं करायला लावते, समोर कोणी का असेना. पाण्याचंही तसंच. ओटीचे थेंब टाकले आणि पाणी पिवळं झालं की त्यात क्लोरीन आहे. उगमांची पाहणी करून गावाला लाल, पिवळं नाहीतर हिरवं कार्ड देतात. खरं सांगतो, आमच्या क्यूए टीमपेक्षा ही बाई कडक आहे.

एका घरात रेशनच्या गव्हाचा कट्टा भिंतीला टेकवलेला होता. त्यावर बसून लेकरू बिस्किट खात होतं. बॅटरी खोलीभर फिरली, कट्ट्यापाशी थांबली नाही. थांबणार कशी? तिच्या फॉर्ममध्ये तो रकानाच नाही.

आणि मी मात्र त्या कट्ट्याकडेच बघत होतो. कारण डिसेंबर २०२४ ते जानेवारी २०२५मध्ये शेजारच्या शेगाव तालुक्यात काय झालं ते तुम्हीही वाचलं असेल. बोंडगाव, कालवड, हिंगणा... माणसांचे केस हातात यायला लागले. आधी डोकं खाजायचं, मग तीन-चार दिवसांत टक्कल. बायका, पोरं, कॉलेजच्या मुली, कोणी सुटलं नाही. तरुण मुलींची लग्नं अडली असंही बातम्यांत आलं. इकडे पुण्यात त्यावर मीम्स आले. असो.

यंत्रणा धावली, पण ती तिच्या सवयीच्या रस्त्याने. पहिला संशय पाण्यावर. खारपाणपट्टाच तो, पाण्यात नायट्रेट आणि क्षार जास्त निघाले. मग शाम्पू, मग बुरशी. आमच्याकडेही सगळ्यांचं एकच, "पान्यातच काई असन."

मग महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर (विंचूदंशावरच्या कामामुळे जगभर माहीत असलेले) या गावांत आले आणि घरातला गहूही तपासायला नेला. फेब्रुवारी २०२५मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला. १८ गावांतले २७९ रुग्ण, त्यांच्या रक्तात, लघवीत आणि केसांत सेलेनियम वाढलेलं. रेशनच्या गव्हात ते किलोला १४.५२ मिलिग्रॅम, धुतल्यावरही १३.६१. नेहमीच्या गव्हात फार तर १.९. हा गहू पंजाब-हरियाणाकडून आलेला, असं त्यांचं म्हणणं. पंजाबात शिवालिकच्या पायथ्याशी सेलेनियम जास्त असलेली जमीन आहे, हे तिकडच्या शास्त्रज्ञांना कित्येक वर्षं माहीत आहे. त्यांच्या निष्कर्षावर वाद झाला. एप्रिल २०२५मध्ये त्याच गावांत लोकांची नखंही गळायला लागली.

आता साधा हिशोब. मजूर माणूस दिवसाला २०० ग्रॅम कणकेच्या पोळ्या सहज खातो. वरच्या आकड्याने झालं जवळजवळ २.९ मिलिग्रॅम. मोठ्या माणसाला दिवसाची वरची मर्यादा ०.४. म्हणजे सातपट!

मग गहू कोणी तपासलाच नव्हता का? तपासला होता की. सरकारी खरेदीच्या वेळी ओलावा बघतात, १२ टक्क्यांपर्यंत चालतो. कचरा ०.७५ टक्क्यांपर्यंत. तुटका, सुकलेला दाणा मोजतात. रेशन दुकानात पुरवठा निरीक्षक येतो तो साठा, वजनकाटा आणि रजिस्टर बघतो. ई-पॉसवर अंगठा जुळला नाही तर म्हातारीला परत पाठवतात. माणूस खरा आहे की नाही याची इतकी काळजी! सेलेनियम डोळ्याला दिसत नाही, वास येत नाही, ओलावा मोजणाऱ्या मशीनला कळत नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर सगळ्या टेस्ट पास, फक्त ही टेस्ट केस कोणी लिहिलीच नव्हती.

तो गहू खातं कोण, हेही बघा. विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत केशरी कार्डवाल्या शेतकऱ्यांना २०२३मध्ये धान्याऐवजी खात्यात पैसे द्यायचं ठरलं, त्यात बुलढाणाही आला. ज्याच्या घरी शेतातला गहू आहे, तो तो खातो. ज्याच्याकडे दोन पैसे आहेत, तो बाजारातून निवडून आणतो. महिन्याला माणशी पाच किलोवर चूल पेटते ती टिनाच्या खोल्यांत.

वहिनीच्या फॉर्ममध्ये एक रकाना वाढवून हे सुटणार नाही. बॅटरीने सेलेनियम दिसत नाही, आणि आशाताईंवर कामं आधीच कमी आहेत का? गहू मालगाडीने येतो, गोदामात उतरतो, तिथून ट्रकने गावोगाव जातो. सेलेनियम मोजणारं यंत्र गावात नको, तालुक्यातही नको. रेकमागे एकत्र करून घेतलेला नमुना, प्रयोगशाळेचा रिपोर्ट येईपर्यंत गोदामाचं शटर खाली, आणि रिपोर्टचा नंबर रेशन दुकानाच्या फळ्यावर. चौदा आकडी असला तरी चालेल.