तक्ते भरण्याआधी

आज जुनी वही चाळताना सोलारिस प्रणालीवर एनआयएस प्लसचे, म्हणजे साऱ्या नेटवर्कची सामायिक माहिती ठेवणाऱ्या सेवेचे, तक्ते भरायचे दिवस आठवले. ईटीसी डिरेक्टरीतल्या फाइलींतून वापरकर्ते, यंत्रांचे पत्ते, सगळं तक्त्यांत चढवायचं. खरं काम कमांड देण्याआधीचं: मूळ फाइलींना हात न लावता प्रती काढायच्या, ओळ न् ओळ वाचायची. पासवर्ड फाइलीच्या प्रतीतून रूटची, म्हणजे मुख्य प्रशासक खात्याची, ओळ काढायचीच. रूट ज्याच्या त्याच्या यंत्रापुरता बरा. मग तक्ते भरणारी निसअ‍ॅडएंट ही कमांड. आधी पासवर्ड, मगच शॅडो ही गुप्त पासवर्डांची फाइल. कमांडचा ‘आर’ हा पर्याय तर फार जपून, तो आधीच्या नोंदी पुसून नव्या भरायचा. वाचताना नोकरी सोडून गेलेल्यांची नावं भेटत, होम डिरेक्टरीसकट. गाळताना जिवावर येई, पण बेवारस खातं साऱ्या नेटवर्कवर पोचवणं मला मुळीच पटत नसे.