गणपती घाटावरची संध्याकाळ

परवा गल्फ रोडवर कुवेत टॉवर्सचा सूर्यास्ताचा फोटो घेत होतो. या देशात नदी नाही. १९७९ साली खुल्या झालेल्या या तीन बुरुजांपैकी दोघांच्या पोटात पाणीच साठवलेले आहे. चिरंजीव कंटाळून म्हणाले, "बाबा, उद्या काढू की!" हा "उद्या" मला वाईला भेटला होता.

१९८९च्या मे महिन्यात रजेवर गेलो होतो. नवा याशिका कॅमेरा, आणि ढोल्या गणपतीचा मावळतीचा फोटो घेण्याची हौस. इथे सूर्य सपाट क्षितिजापर्यंत दिसतो (धुळीच्या दिवशी तर तांबूस थाळीसारखा, खुशाल बघत बसावे). त्याच सवयीने पंचांगातली वेळ धरून घाटावर गेलो, तर स्वारी केव्हाच डोंगराआड!

दुसऱ्या दिवशी तासभर आधी गेलो, अण्णांना घेऊन. गणपतराव रास्त्यांनी १७६२ मध्ये बांधलेल्या या देवळाची मागची भिंत माशासारखी निमुळती आहे. कृष्णेचा पूर तिच्यावर येऊन दुभंगतो, हे अण्णांनी दोन्ही हातांनी करून दाखवले. त्यांना पायरीवर बसवून मी बटण दाबले. उजेड समोरून येत होता, फ्लॅशचे सुचलेच नाही. प्रिंट आली तेव्हा आभाळ सोनेरी, नदी सोनेरी, देऊळ आणि अण्णा मात्र काळेकुट्ट. "अरे, माझे तोंड कुठे आहे?" पुढच्या रजेत पुन्हा काढू, असे ठरले.

२ ऑगस्ट १९९०ला काय झाले ते आपल्याला सांगायला नको. आम्ही बगदादमार्गे अम्मानला आणि तिथून विमानाने मुंबईला पोचलो. निघताना सौ.ने पिशवीत अल्बम घातला होता. पाण्याच्या बाटल्यांना जागा हवी म्हणून मीच काढायला लावला. चुकले असे आजही म्हणवत नाही. जॉर्डनच्या वाळवंटातल्या तंबूत त्या बाटल्याच कामी आल्या. पण निगेटिव्हही अल्बममध्येच होत्या. १९९२ मध्ये परतलो तेव्हा फ्लॅट धुऊन नेलेला.

अण्णा १९९१च्या पावसाळ्यातच गेले. भिंतीवर लावायला पेन्शनच्या कागदावरचा फोटो मोठा करून घ्यावा लागला.

मागच्या दिवाळीत वाईला गेलो, त्याच पायरीवर बसलो. चिरंजीवांच्या मोबाईलने समोरच्या उजेडातही माझे तोंड स्वच्छ टिपले. मी म्हटले, हा नको, काळा येऊ दे. त्याने काहीतरी फिरवून तसाही काढला. सौ. बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, "यात तुम्ही बसलात की अण्णा, कळत नाही."

प्रिंट दोन काढल्या. एक वाईलाच ठेवली आहे.