हातात किती?

ऑफर लेटर आलं तेव्हा मी कोपरखैरणे स्टेशनवर ठाणे लोकलची वाट बघत होते. पीडीएफ उघडली, ४,२०,००० हा आकडा दिसला आणि लगेच १२ने भागला. महिन्याला ३५ हजार! महाप्यातली छोटी कंपनी, ज्युनिअर डेव्हलपर, पहिलीच नोकरी. मेलला तिथंच 'होकार' पाठवणार होते, पण नेट गेलं.

आबा वाशीच्या मार्केटात माथाडी आहेत. कांदा-बटाट्याची पोती वाहून त्यांनी मला शिकवलं. जावा आणि जावास्क्रिप्टमधला फरक त्यांना कळत नाही (तसा तो आमच्या एचआरलाही कळत नव्हता). रात्री चष्मा लावून त्यांनी एवढंच विचारलं, "हातात किती येणार?"

मग वहीत मांडत बसलो. ४०,००० व्हेरिएबल, म्हणजे मिळाले तर मिळाले. कंपनीचा पीएफचा वाटा महिन्याला १,८००. ग्रॅच्युइटीचे वर्षाला दहा हजार, तेही पाच वर्षं टिकले तर. उरलेल्यातून माझा पीएफ १,८०० आणि प्रोफेशनल टॅक्स २००. खाली उरले २७ हजार.

"मालकानं भरायचा पीएफ तुझ्याच पगारात मोजलाय व्हय?"

आबांना ते पटेचना. १९६९च्या माथाडी कायद्यामुळे त्यांच्याकडे मजुरी वेगळी आणि पीएफ, ग्रॅच्युइटी, बोनससाठी बोर्डात भरायची लेव्ही वेगळी. लेव्ही मजुरीच्या वर, मजुरीतून नाही. सीटीसी हा शब्द त्यांनी दोनदा उच्चारून बघितला.

"मग मी काय मागू?" मी विचारलं. आबा गप्प झाले. दर वाढवायला आजवर युनियन बसली होती, अण्णासाहेब पाटलांच्या काळापासून. एकट्यानं मागायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती.

मित्र म्हणाला, दुसरी ऑफर आहे असं ठोकून दे. मी नाही दिलं. त्यांनी लेटर मागितलं असतं तर? दुसऱ्या दिवशी गच्चीवर जाऊन फोन लावला आणि पाठ केलेलं बोलले: इंटर्नशिपमध्ये बिलिंगचं मॉड्यूल मी एकटीनं लिहिलंय, तुमचं कामही तेच आहे, एकूण आकडा तोच ठेवा, फक्त व्हेरिएबल फिक्स्डमध्ये टाका.

"फ्रेशर्स निगोशिएट करत नाहीत."

मी सॉरी म्हणणार होते. तोंडापर्यंत आलं होतं. म्हटलं नाही, नुसती थांबले. पलीकडून कीबोर्डचा आवाज येत राहिला. "बघते," त्या म्हणाल्या.

दोन दिवसांनी नवं लेटर आलं. अर्धं व्हेरिएबल, २०,००० रुपये, फिक्स्डमध्ये आलं होतं. महिन्याला साधारण साडेसोळाशे जास्त.

आबांनी वहीतला २७ खोडून वर साडेअठ्ठावीस लिहिलं आणि वही देव्हाऱ्यापाशी ठेवली. ९० दिवसांच्या नोटीस पिरियडचं विचारायचं मात्र दोघांच्याही लक्षात आलं नाही.