हत्यारांची राखण

घरातला दागिना चोरीला गेला तर दुःख होते, पण दुसऱ्या दिवशी चूल पेटते. कारागिराची हत्यारे गेली तर मात्र चुलीवरच संकट येते. आणि वर्कशॉप जर गावाबाहेर, रात्री ओस पडणाऱ्या जागी असेल, तर मालकाला झोप लागायची कशी?

जबलपूरहून दिंडोरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर ४०-४५ किलोमीटरवर कुंडम लागते. हा हिरन नदीच्या उगमाचा परिसर. आजूबाजूला गोंड आदिवासींची गावे. जबलपूरच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेल्या एका मराठी मिस्त्रींनी इथे भाड्याच्या खोलीत पंप, नांगर आणि ट्रॉली दुरुस्तीचे काम सुरू केले. कुटुंब जबलपुरात, त्यामुळे शनिवार-रविवार खोली बंद. मदतीला शेजारच्या पाड्यावरचा १९ वर्षांचा एक गोंड मुलगा.

एका सोमवारी ते आले, तेव्हा दाराला कुलूप जसेच्या तसे होते, पण कोयंडा उखडलेला. ग्राइंडर, ड्रिल मशीन आणि पान्यांचा संच नाहीसा झाला होता.

चहाच्या टपरीवर लगेच निकाल लागला. "पोराला दोन ठेवून द्या, बोलेल!" मिस्त्रींनी हात उगारला नाही. पण त्या संध्याकाळी मुलगा घरी निघाला, तेव्हा त्यांची नजर त्याच्या पिशवीवर गेली. मुलाने ती नजर पाहिली. दुसऱ्या दिवशी तो कामावर आला नाही.

पोलिसांनी विचारले, "मशीनचा नंबर काय? पाने किती होते?" मिस्त्रींना दोन्ही सांगता येईना. घरी हे ऐकून पत्नी म्हणाली, "अहो, रुखवतातल्या वाटीवरसुद्धा आपण नाव घालून घेतलं. ज्यावर घर चालतं, त्या हत्यारांवर नाव नाही? आणि काय गेलं तेच ठाऊक नसेल, तर नेलं कोणी हे त्या पोराला कसं विचारणार?"

हा प्रश्न त्यांना चोरीपेक्षा जास्त लागला.

कुलूप नव्हे, कोयंडा

१८५१ साली लंडनच्या प्रदर्शनाच्या वेळी आल्फ्रेड हॉब्ज या अमेरिकन कारागिराने चब कंपनीचे नामांकित कुलूप अर्ध्या तासाच्या आत उघडून दाखवले होते. पण आडगावच्या चोराला एवढी विद्या लागत नाही. तो कुलपाला हातही लावत नाही, पहार घालून कोयंडा उपटतो. म्हणून महागड्या कुलपाआधी खर्च करायचा तो कोयंड्यावर. मिस्त्रींनी स्क्रू काढून टाकले. दाराच्या आरपार जाणारे गोल डोक्याचे बोल्ट घातले, आतून लोखंडी पट्टी लावून नट आवळले आणि बोल्टची टोके ठोकून बसवली. बिजागऱ्यांच्या बाहेर राहिलेल्या खिळ्या वेल्ड केल्या.

नंतर नजर गेली वर. कौले किंवा पत्रा सरकवला की दार कितीही भक्कम असो, उपयोग काय? जुन्या सळ्या वेल्ड करून त्यांनी छताखाली जाळी बसवली. भंगारातील जाड पत्र्याची पेटी तयार केली आणि ती आतून बोल्ट घालून काँक्रीटच्या जमिनीत जखडली. वेल्डिंग मशीनला साखळी लावली. ग्राइंडर-ड्रिलसारखी हलकी पण महाग यंत्रे शनिवारी सोबत घरी न्यायची, असा नियम केला. वीज बेभरवशाची, म्हणून माणसाच्या हालचालीने लागणारा सौर दिवा दारावर टांगला. बराचसा माल भंगारातला आणि मजुरी घरची, त्यामुळे खर्च बेताचाच झाला.

पितळी बिल्ल्याची शिस्त

जबलपूर हे कारखान्यांचे शहर. तिथली गन कॅरेज फॅक्टरी १९०४ सालची. मोठ्या कारखान्यांच्या हत्यारखान्यात एक जुनी पद्धत असते. कामगाराने हत्यार घेतले की त्याच्या जागी आपल्या क्रमांकाचा पितळी बिल्ला टांगायचा. हत्यार परत केले की बिल्ला परत. मिस्त्रींनी तेच केले. फळीवर प्रत्येक पान्याची, पकडीची, कानशीची आकृती रंगवली. एक हत्यार जरी जागेवर नसले, तरी रिकामी आकृती लगेच दिसते. प्रत्येक हत्यारावर अक्षरांच्या ठशांनी खूण ठोकली. वहीत यंत्रांचे क्रमांक उतरवले, फोटो काढून ठेवले.

या नोंदी कायद्याच्या कामीही येतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०५ प्रमाणे, मालमत्ता ठेवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या इमारतीतून चोरी केल्यास सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. चोरीचा माल आहे हे ठाऊक असून तो घेणाराही गुन्हेगार ठरतो. मात्र सापडलेला पाना आपलाच, हे सिद्ध करायला खूण हवी. तक्रार नोंदवल्यावर प्रथम माहिती अहवालाची प्रत विनामूल्य मागून घ्यावी.

संशयाची किंमत

एवढे झाल्यावर मिस्त्री मुलाच्या घरी गेले. मुलगा अंगणात होता, पण बोलेना. मिस्त्री म्हणाले, "बेटा, मोजदाद माझी नव्हती, आणि नजर तुझ्यावर टाकली. ते चुकलं. आता फळीवर दोन बिल्ले आहेत, एक माझा, एक तुझा. मीही हत्यार घेतलं की माझा बिल्ला टांगतो." मुलगा चार दिवसांनी आला. वही आता तोच लिहितो.

दूरच्या जागेला शेवटी जवळच्या माणसांचाच आधार असतो. रात्री कुत्रा भुंकला तर उठून पाहणारा शेजारी, अनोळखी गाडी दिसली तर फोन करणारा टपरीवाला, हे पैशाने मिळत नाहीत. गरिबाकडे बोट दाखवून आपण असे राखणदार गमावतो. मोजणी सर्वांसाठी सारखी असली, तर तिच्यात अपमान नसतो. ती प्रामाणिक माणसाचे संरक्षणच करते.

मिस्त्रींचा ग्राइंडर आजवर सापडलेला नाही. चोर कोण, तेही कळले नाही. मात्र त्या शनिवारपासून वर्कशॉपची दुसरी किल्ली पाड्यावर, त्या मुलाच्या आईजवळ असते.