नीलूचा पंख

गेल्या रमजानची गोष्ट. असरची नमाज झाली होती आणि स्वयंपाकघरात इफ्तारची गडबड चालू होती. कढईत भजी, एकीकडे सरबत, फळे चिरायची राहिलेली. मार्चमधले कोल्हापूरचे ऊन आणि त्यात गॅससमोर उभे राहून जीव नुसता कासावीस झाला होता. दोन मिनिटे टेकावे म्हणून बाहेरच्या खोलीत आले आणि सवयीने भिंतीवरचे बटण दाबले.

"अम्मी, पंखा नको!" माझा नऊ वर्षांचा मुलगा ओरडला.

मी लगेच बटण बंद केले, पण फिरलेली पाती थांबायला वेळ लागतो. टप् असा आवाज झाला आणि आमचा नीलू सोफ्यामागे जाऊन पडला.

नीलू म्हणजे निळा बजरीगर. बाजारात या पक्ष्यांना लोक सरसकट 'लव्ह बर्ड' म्हणतात. आपल्याकडचा हिरवा पोपट पाळायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार बंदी आहे. हे बजरीगर मूळचे ऑस्ट्रेलियातले, पिंजऱ्यातच जन्मलेले, म्हणून ते पाळता येतात. मुलाने आधीच्या ईदच्या ईदीतून नीलू आणि पिवळी केसर ही जोडी आणली होती. रोज संध्याकाळी दारे-खिडक्या लावून तो त्यांना तासभर खोलीत मोकळे सोडायचा.

त्याला उचलले तेव्हा डावा पंख लोंबत होता आणि पंखाच्या मुळाशी रक्त होते. ते पाहून माझ्या तोंडातून पहिले शब्द काय निघाले असतील? "कोणी सांगितलं होतं पिंजरा उघडायला? तुझ्यामुळे झालं हे!"

घरात सगळे होते. सगळ्यांनी ऐकले. मुलगा काहीच बोलला नाही.

खरी गोष्ट मला त्याच क्षणी आठवली होती. दहाच मिनिटांपूर्वी तो स्वयंपाकघरात येऊन मला सांगून गेला होता, "अम्मी, नीलूला सोडतोय, पंखा लावू नकोस हं." आणि भजी परतता परतता मी "हो हो" म्हटले होते. त्या दिवशी माझ्या पोटाला रोजा होता, जिभेला नव्हता.

रक्त थांबवणे पहिले काम. स्वच्छ कापडाच्या घडीवर चिमूटभर कॉर्नफ्लोअर घेऊन जखमेवर हलकेच दाबून धरले. सासूबाई हळदीचे दूध चमच्याने पाजायला घेऊन आल्या. त्यांचा जीव तुटत होता, पण जखमी पक्ष्याच्या चोचीत काहीही ओतले तर ते श्वासनळीत जाऊ शकते आणि दूध त्याला पचतही नाही. मी म्हटले, "अम्मा, आज त्याला फक्त ऊब आणि अंधार द्यायचा." बुटांच्या खोक्याला भोके पाडली, आत माझी जुनी सुती ओढणी अंथरली. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून एकाच बाजूला ठेवली, म्हणजे त्याला नको वाटली तर सरकता येईल. मगरिबची अजान झाली. मुलाने खजुराने रोजा सोडला आणि तो खोक्याशेजारी जाऊन बसला. ताटाला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी मुलांचे अब्बू खोके घेऊन एका दवाखान्यात गेले. तिथे गाई-म्हशींची गर्दी. एवढ्याशा पक्ष्याचे काही जमणार नाही म्हणाले. चौकशी करत करत पक्षी तपासणारे एक डॉक्टर सापडले. हाड मोडले होते. त्यांनी पंख मिटलेल्या अवस्थेत ठेवून त्यावर कागदी चिकटपट्टी लावली. छातीभोवती मात्र पट्टी आवळली नाही. आपल्यासारखा श्वासपटल पक्ष्याला नसतो. छातीचा पिंजरा हलला तरच त्याला श्वास घेता येतो. घरी घाईघाईने छातीवर पट्टी आवळली तर पक्षी गुदमरून मरू शकतो, हे त्यांनी आम्हाला बजावले. माणसांची कुठलीही गोळी द्यायची नाही. त्यांनी दिलेले थेंबच, तेही मोजून. शेवटी म्हणाले, "पक्ष्याची हाडं आपल्यापेक्षा लवकर जुळतात. तीन आठवडे सांभाळा. आणि रोज वजन करा."

मग सुरू झाली आमच्या घरातली शुश्रूषा. मसाले मोजायच्या काट्यावर नीलूचे वजन भरले ३४ ग्रॅम. मुलाने वही केली. रोज सकाळी तारीख, वजन आणि विष्ठा कशी आहे, हे लिहायचे. तीन-चार ग्रॅम जरी घटले तरी डॉक्टरांकडे धावायचे, कारण आजारी पक्षी शेवटपर्यंत आजार लपवतो. पिसे फुलवून गप्प बसलेला दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. दांड्या काढून एकच दांडी तळाशी लावली, खाली रोज नवा कागद. पाणी बाटलीच्या झाकणात. भिजवलेले राळे, कोथिंबिरीची पाने, उकडलेल्या अंड्याचा कण. केसरचा पिंजरा शेजारीच ठेवला, म्हणजे दोघांना एकमेकांचा आवाज ऐकू येईल.

तिसऱ्या दिवशी वजन ३२ झाले. वाटी तर भरलेली दिसत होती. मुलाने वाटीवर फुंकर मारली आणि सगळी टरफले उडाली. खाली दाणे जवळजवळ नव्हतेच. पक्षी दाणा सोलून टरफल तिथेच टाकतो, त्यामुळे रिकामी वाटीही भरलेली दिसते. तेव्हापासून दिवसातून दोनदा फुंकर मारायची, हे काम धाकट्या मुलीकडे आले.

पक्ष्यांची फुप्फुसे फार नाजूक. नॉनस्टिक तवा जास्त तापला तर त्याच्या वाफेनेही ते दगावतात. म्हणून पिंजरे स्वयंपाकघरापासून लांब, आतल्या खोलीत नेले. गुरुवारी संध्याकाळी सासूबाई लोबान लावतात. कित्येक वर्षांचा नेम. त्यांना कसे सांगावे, या विचारात मी होते. गुरुवार आला, मगरिब झाली, तरी लोबानदाणी फळीवरच. मी पाहिले तर अम्मा पिंजऱ्याशेजारी तसबीह घेऊन बसल्या होत्या. म्हणाल्या, "धूर त्याला सोसायचा नाही ना गं?"

अम्मांना न सांगता कळले. मला मात्र एक साधी गोष्ट बोलायला जमत नव्हती.

त्या दिवसांत सहरीनंतर थोडे वाचायची माझी सवय होती. त्यात हजरत अनस (रजि.) यांच्या धाकट्या भावाची हदीस समोर आली. आपल्यापैकी बहुतेकांना ती माहीत आहे. अबू उमैर नावाच्या त्या लहान मुलाने एक छोटा पक्षी पाळला होता. तो मेला आणि मुलगा उदास झाला. प्रेषित मुहम्मद (स.) त्यांच्या घरी आले की त्या मुलाला लाडाने, गमतीच्या यमकात, त्याच्या पक्ष्याबद्दल विचारत. एका शाफई विद्वानाने या एका हदीसीतून साठ बोध काढून दाखवले आहेत. मला त्या पहाटे एकच दिसला. अल्लाहच्या प्रेषितांवर साऱ्या उम्मतची जबाबदारी होती, तरी एका मुलाजवळ बसून त्याच्या पक्ष्याची विचारपूस करायला त्यांना सवड होती. आणि मी? माझ्या मुलाचा पक्षी डोळ्यांसमोर पडला, तेव्हा मी त्याच्या दुःखावर माझी चूक लादली.

मांजराला कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईची हदीस आपण मुलांना सांगतो. सूरह अन्आममध्ये (आयत ३८) पृथ्वीवरचे प्राणी आणि पंखांनी उडणारे पक्षी हेही आपल्यासारखेच समुदाय असल्याचे सांगितले आहे, तेही शिकवतो. पाळलेला जीव ही अमानत आहे, असे मीच मुलाला पक्षी आणताना सांगितले होते. त्याने ती अमानत सांभाळली होती. दारे लावली होती, मला सांगूनही ठेवले होते. कमी पडले होते ते मी.

सकाळी तो वजन लिहीत होता. ३३. मी जवळ बसले. "बेटा, त्या दिवशी तू मला पंखा लावू नको म्हणून सांगून गेला होतास. मी विसरले. चूक माझी होती आणि मी सगळ्यांसमोर तुला बोलले. मला माफ कर."

तो वहीतच बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "मला वाटलं, मी सांगितलंच नव्हतं. मला वाटलं, मी खोटं आठवतोय."

माझ्या पोटात धस्स झाले. सहा दिवस हे पोर स्वतःच्या आठवणीवरच शंका घेत राहिले होते, कारण त्याची अम्मी चुकणार नाही, असे त्याला वाटत होते. त्या संध्याकाळी इफ्तारच्या दस्तरखानवर, सगळ्यांसमोर, मी तीच गोष्ट पुन्हा सांगितली. जिथे बोलले होते, तिथेच ते परत घ्यायला हवे होते.

ईदनंतर पट्टी निघाली. हाड जुळले, अल्हमदुलिल्लाह, पण पंख थोडा खालीच राहिला. डॉक्टर म्हणाले, पूर्वीसारखे उडणे आता कठीण. बजरीगर नीट सांभाळला तर कित्येक वर्षे जगतो. म्हणजे आमची ही जबाबदारीही तितकी वर्षे. नीलूला आता एका दांडीवरून दुसरीवर जायला आम्ही छोटी शिडी लावली आहे. तो तुरुतुरु चढतो आणि वर जाऊन केसरशी भांडतो.

केसर मात्र रोज संध्याकाळी खोलीभर उडते. पिंजरा उघडण्याआधी मुलगा पंख्याच्या बटणावर डॉक्टरांकडच्या कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावतो, आणि तरीही स्वयंपाकघराच्या दारात येऊन मला सांगतो. मी गॅस बारीक करते, त्याच्याकडे वळते आणि मगच "हो" म्हणते.