शिवणीच्या बेतानं

बेसबॉल रंगवायला घेतला की सपाट कागदाच्या सवयी बाजूला ठेवाव्या लागतात. चेंडूचा घेर नऊ ते सव्वानऊ इंच, आणि तेवढ्यातही इंग्रजी आठच्या आकाराचे चामड्याचे दोन तुकडे एकमेकांत बसवून शिवलेले. मेजर लीगच्या चेंडूवर लाल दोऱ्याचे १०८ दुहेरी टाके असतात, तेही हातानं घातलेले. काही चित्रकार ते रंगाखाली दडपतात. मला ते पटत नाही. कुठं काय बसेल हे ठरवायचा पहिला हक्क शिवणीचा.

न्यू जर्सीत माझ्याकडे येणाऱ्यांना बहुतेक चेहराच हवा असतो, वडिलांच्या आवडत्या पिचरचा. सही घेतात त्या अरुंद पट्टीत, म्हणजे ‘स्वीट स्पॉट’वर, चेहरा घेतला तर कपाळच मावत नाही. म्हणून तो रुंद भागात घेते. तिथं गोलाई आडवी येते. कान मापात काढले तर समोरून पाहताना आक्रसतात, म्हणून ते मुद्दाम बाहेर ओढते. चेंडू जरा फिरवला की तेच कान ताणलेले दिसतात. त्याला इलाज नाही.

रंगाआधी अल्कोहोलचा बोळा हलक्या हातानं फिरवायचा, नाहीतर गुळगुळीत चामड्यावर ॲक्रिलिक धरत नाही. मेजर लीगमध्येही सामन्याआधी नव्या चेंडूची चकाकी घालवतात, पण चिखल चोळून. तो चिखल आमच्याच राज्यातला, डेलावेअर नदीच्या परिसरातला!

चेंडू रंगवणं तसं जुनंच. एकोणिसाव्या शतकात जिंकलेल्या संघाला सामन्याचा चेंडू मिळे. त्यावर रंग, बहुधा सोनेरी, देऊन तारीख आणि धावसंख्या लिहीत. पुढे पिट्सबर्गच्या जॉर्ज सॉस्नाक यांनी कमाल केली. मायनर लीगमधला हा अंपायर इंडिया इंकनं अख्खा चेंडू चेहऱ्यांनी, आकडेवारीनं आणि बारीक अक्षरांनी भरून टाकी. त्यांचे चेंडू आज लोककला म्हणून लिलावात जातात.

माझ्या गिऱ्हाइकांचा पहिला प्रश्न मात्र ठरलेला: “सही कुठं करून घ्यायची?” सही झाली की भाव तिचा, चित्र नुसतं अस्तर. याचा मला राग येतो, तरी जागा सोडतेच. पोट त्यावर आहे.

तुमच्याकडे असा चेंडू असेल तर तो उन्हात ठेवू नका. आणि कुणाला दाखवताना काचेच्या डबीतून बाहेर काढा, हात धुऊन हातात द्या. डबीत चित्राची एकच बाजू दिसते.