गोल नीट येईना तेव्हा

नेसरीत घरामागच्या शेडमध्ये माझं लाकूड कोरायचं सीएनसी राऊटर आहे. गेल्या पावसाळ्यात देव्हाऱ्यासाठी फणसाच्या फळीवर प्रभावळ कोरत होतो. गोलावर चार ठिकाणी, जिथं यंत्राची दिशा उलटते तिथं, नखाला लागेल अशी पायरी आली. फळी वाया गेली. घरी कुणाला सांगितलं नाही.

आधी डिझाइन तपासलं, मग बिट बदलला. आठवडा गेला. शेवटी गडहिंग्लजच्या टर्नर मित्राकडून डायल आणला. गॅन्ट्री, म्हणजे स्पिंडल वाहणारा सरकता पूल, एका बाजूने आणून शून्य लावलं आणि उलट एक मिलिमीटर चालवली. काटा ०.६ वरच थांबला, म्हणजे ०.४ ढिलेपणात जात होते. पहिल्याच दिवशी हे करायला हवं होतं.

गॅन्ट्री सरकवणाऱ्या स्क्रूवरचा पितळी नट आवळला, तर गॅन्ट्री टोकांना अडकू लागली. माझं बहुतेक काम टेबलाच्या मध्यावर चालतं, त्यामुळे स्क्रूचे आटे मधेच झिजले होते. सॉफ्टवेअरमध्ये बॅकलॅशचा, म्हणजे त्या ढिलेपणाचा, आकडा भरला, तोही पुरला नाही. कटर लाकडात शिरला की ढिल्या गॅन्ट्रीला ओढतोच.

मग १६ मिलिमीटर जाडीचा, ५ मिलिमीटर पिचचा बॉल स्क्रू घेतला. टोकं कोल्हापुरात उद्यमनगरात टर्निंग करून आणली. बसवताना नट स्क्रूवरून निसटला आणि त्यातले छर्रे शेडभर पांगले. बॅटरी घेऊन रात्री अकरापर्यंत गोळा केले, ग्रीस लावून एकेक परत बसवले. तुम्ही नट काढणारच असाल तर स्क्रूच्या टोकाला आट्यांच्या तळाइतक्या जाडीचा पाइप लावा आणि नट त्यावर सरकवा.

दुसऱ्या दिवशी स्क्रू एका टोकाला जड फिरत होता. बेअरिंगचे बोल्ट ढिले केले, गॅन्ट्री त्या टोकाला नेली आणि तिथंच आवळले. दुसऱ्या टोकालाही तसंच. मग हाताने हलका फिरला.

जुना पिच ८ होता. मोटरच्या एका फेऱ्याला १६०० पल्स, म्हणजे मिलिमीटरला २०० होते, ते आता ३२० केले. हे बदलायचं राहिलं तर १०० मिलिमीटरचं काम ६२.५ चं होतं.

परत डायल लावला, काटा ०.९७ वर आला. प्रभावळ पुन्हा कोरली आणि देव्हारा दिला.

एक सांगतो. उभ्या अक्षाला बॉल स्क्रू बसवलात, तर वीज गेल्यावर स्पिंडल स्वतःच्या वजनाने खाली येऊ शकतो, जुन्या स्क्रूसारखा अडून राहत नाही. आमच्याकडे पावसात वीज सारखी जाते. तिथं ब्रेक असलेली मोटर घ्या, आणि यंत्र बंद करण्याआधी स्पिंडलखाली लाकडी ठोकळा ठेवा.